आधीं नजर, मग नेम

आपल्या घरोघरीं मुलांना ज्या गोष्टी सांगण्यांत येतात, त्यांत नेमबाजीच्या दोन गोष्टी हटकून असतात. एक दशरथाची आणि दुसरी अर्जुनाची. शरयूच्या कांठीं काळोख्या रात्रीं पाण्यांत घागर बुडल्याचा आवाज येतो. हत्तीच पाणी पीत असावा असें समजून तरुण दशरथ त्या आवाजाच्या रोखानें बाण सोडतो, आणि तो बाण लागतो आंधळ्या आईबापांसाठीं पाणी न्यावयास आलेल्या श्रावणाला. दुसऱ्या गोष्टींत द्रोणाचार्य कारागिरांकडून एक कृत्रिम पक्षी करवून घेतात, तो झाडाच्या शेंड्यावर बसवितात, शिष्यांना एकामागून एक पुढें बोलावतात, धनुष्याला बाण लावून उभें राहावयास सांगतात आणि विचारतात, "तुला काय दिसतें?" झाड, भाऊ, गुरुजी असें सर्व कांहीं ज्याला दिसतें, त्याला ते बाजूस करतात. ज्याला पक्ष्याचें मस्तकच तेवढें दिसतें, त्या अर्जुनाला मात्र "सोड" अशी आज्ञा मिळते.

या गोष्टी आपण सहसा वेगवेगळ्या प्रसंगीं सांगतों. एक कर्मफलाची म्हणून, दुसरी एकाग्रतेची म्हणून. त्या शेजारींशेजारीं ठेवून पाहिल्या तर मात्र एक निराळाच अर्थ हातीं येतो. दशरथाचा नेम कांहीं वाईट नव्हता. नुसत्या आवाजावरून वेध घेणारा तो धनुर्धर! चूक नेमांत नव्हती. ज्यावर बाण सोडला तें त्यानें पाहिलेलें नव्हतें, ही चूक होती. उलट द्रोणाचार्यांच्या परीक्षेंत लक्ष्य सजीव नाहीं, एका वेळीं एकच धनुर्धर उभा आहे, आधीं दृष्टीची खात्री करून घेतली जात आहे, आणि आज्ञा झाल्याखेरीज बाण सुटत नाहीं. आजच्या नेमबाजीच्या सामन्यांचे जाडजूड नियम चाळून पाहिले तर त्यांचें सार या एका कथेंत सांपडतें. लक्ष्य स्वच्छ दिसणें आणि कोणाला इजा न होणें या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत. एकाच शिस्तीचीं तीं दोन अंगें आहेत.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, बंदूक आतां आपल्या घरांतील मुलामुलींच्या बोलण्यांत येऊं लागली आहे. सन २०१० मध्यें म्यूनिक येथें कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफलीच्या पडून नेम धरण्याच्या प्रकारांत जगज्जेत्या झाल्या. सन २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें. खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविल्याला तेव्हां ७२ वर्षें झालीं होतीं. अशी वार्ता आल्यावर एखादा मुलगा किंवा मुलगी "मला नेमबाजी शिकावयाची आहे" असें म्हणूं लागली तर नवल नाहीं. मुलें तसें म्हणालीं कीं घरांतील वडील मंडळींच्या छातींत धस्स होतें. "अहो, पण तें हत्यार ना? आणि जेथें शिकावयाचें तेथें दहापांच जण बंदुका घेऊन ओळीनें उभे!" ही भीति अडाणीपणाची नाहीं, ती अत्यंत योग्य आहे. फक्त तिचें उत्तर काय तें समजून घेतलें पाहिजे. त्यासाठीं आपण मनानें अशा एका मैदानावर जाऊं.

न दिसणारा ठिपका

आपल्याकडे अशा मैदानाला चांदमारी असें जुनें नांव आहे. चांद म्हणजे लक्ष्यावरील वाटोळें वर्तुळ. हें नांव किती समर्पक आहे तें थोड्या गणितानें कळेल. १० मीटर अंतरावरून हवेच्या रायफलीनें ज्या लक्ष्यावर नेम धरतात, त्यावरील काळें वर्तुळ ३०.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें सव्वा इंच रुंद असतें. नेमबाजाच्या जागेवरून तें पौर्णिमेच्या चंद्राच्या एक तृतीयांश रुंदीएवढें दिसतें. ५० मीटरच्या सामन्यांतील काळें वर्तुळ ११२.४ मिलिमीटरचें, तें चंद्राच्या साधारण पाव रुंदीएवढें.

आतां खरी गंमत पुढेंच आहे. १० मीटरच्या लक्ष्याच्या मध्यावर दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. निरोगी डोळ्यालासुद्धां त्या अंतरावरून सुमारें ३ मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखतां येत नाहीं. म्हणजे ज्याचा वेध घ्यावयाचा तो ठिपका नेमबाजाला मुळीं दिसतच नाहीं! मग तो करतो काय? रायफलीच्या मागच्या बाजूस बारीक भोकाची एक चकती असते आणि पुढच्या टोंकाशीं, माशीच्या जागीं, एक लहानसें कडें असतें. भोकांतून पाहून काळें वर्तुळ त्या कड्याच्या मधोमध आणावयाचें आणि काळ्याभोंवतालची पांढरी कड सर्व बाजूंनीं सारखी राखावयाची. पोळी लाटतांना तिची कड सगळीकडे सारखी झाली कीं नाहीं हें गृहिणीची नजर जशी मोजपट्टीवांचून ओळखते, तसेंच हें. कड सारखी झाली कीं मध्य आपोआप सांपडतो, मग तो दिसो वा न दिसो.

म्हणूनच काळें आणि पांढरें यांतील भेद स्पष्ट असणें हा या खेळाचा प्राण आहे. बंदिस्त जागेंत १० मीटरच्या लक्ष्यावर निदान १५०० लक्स इतका प्रकाश पडला पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. आपण दिवाणखान्यांत रात्रीं ज्या उजेडांत वाचतों त्याच्या तो कित्येक पट होय. तो उजेड सर्व लक्ष्यांवर सारखा हवा, त्याची सावली लक्ष्यावर पडतां कामा नये आणि झोत नेमबाजाच्या डोळ्यांतहि येतां कामा नये. लक्ष्यामागील भिंत न चकाकणाऱ्या सौम्य रंगाची ठेवतात. उघड्या मैदानाची आंखणी करतांना दिवसांतील अधिकांत अधिक वेळ सूर्य नेमबाजाच्या पाठीशीं राहील अशी दिशा धरतात. उडत्या चकत्यांच्या सामन्यांतहि हाच विचार असतो. या चकत्या ११० मिलिमीटर रुंदीच्या असतात. काळी, पांढरी, पिवळी वा नारिंगी यांपैकीं जो रंग पाठीमागील आकाशावर वा झाडीवर उठून दिसेल तो निवडतात.

उन्हाळ्यांतील आणखी एक अडचण म्हणजे मृगजळ. तापलेल्या जमिनीवरील हवेचे थर प्रकाशकिरणांना वांकवितात, आणि लांबच्या सामन्यांत लक्ष्याचें चित्र थरथरत बाजूला सरकल्यासारखें दिसतें. गोळी जाते ती खऱ्या लक्ष्याच्या रोखानें नव्हे, तर डोळ्याला दिसलेल्या त्या सरकलेल्या चित्राच्या रोखानें. बंदुकीच्या तापलेल्या नळीवरूनहि अशीच उष्ण हवा उठते. म्हणून अनुभवी नेमबाज नळीवर लांबीभर कापडाची एक पट्टी ताणून बसवितात.

डोळ्याविषयीं घरांतील मंडळींना नेहमीं शंका असते. डोळा एका वेळीं एकाच अंतरावर नीट स्थिरावतो, आणि येथें तर मागची चकती, पुढची माशी व दूरचें लक्ष्य अशीं तीन अंतरें! पिस्तुलाचे शिक्षक यासाठींच बजावतात कीं, लक्ष्य थोडें धूसर दिसलें तरी चालेल, परंतु माशी रेखीव दिसली पाहिजे. रायफलीच्या चकतींतील बारीक भोक हें काम सोपें करतें. घरीं चष्मा विसरलेला मनुष्य मूठ अर्धवट मिटून तिच्या फटींतून भिंतीवरचें घड्याळ पाहतो, तेंच हें तत्त्व. चष्मा असणाऱ्या मुलाला म्हणूनच या खेळाचें दार बंद नाहीं. दुसरा डोळा मिटून धरल्यास चेहऱ्याचे स्नायू शिणतात. त्याऐवजीं त्या डोळ्यापुढें ३० मिलिमीटरपर्यंत रुंदीचा एक पडदा लावण्यास नियमांत मुभा आहे.

लक्ष्याजवळचा मनुष्य

नेम लागला कीं नाहीं हें समजावें कसें, हा प्रश्न जितका साधा तितकाच पूर्वीं धोक्याचा होता. कारण तें सांगण्यासाठीं कोणीतरी लक्ष्याजवळ असावयास हवें, आणि लक्ष्याकडे तर गोळ्या येत असतात!

इंग्लंडांतील राष्ट्रीय रायफल संघ १८५९ सालीं स्थापन झाला आणि त्याचे पहिले सामने जुलै १८६० मध्यें विंबल्डनच्या माळावर झाले. पहिला बार खुद्द व्हिक्टोरिया राणीचा होता. व्हिटवर्थ बनावटीची रायफल एका चौकटींत पक्की बसविली होती. राणीनें घोड्याला बांधलेली रेशमी दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर गोळी लागली. त्या काळीं लक्ष्यें लोखंडी पत्र्यांचीं असत. खूण करणारा मनुष्य जवळच आडोशाला बसे व वेध कोठें लागला तें निशाण दाखवून कळवी. गोळ्यांच्या खुणांवर पुन्हां चुना फांसावयाचा झाला कीं आधीं तांबडें निशाण उभारावयाचें, समोरील सर्वांनीं थांबावयाचें, आणि मगच त्यानें बाहेर यावयाचें. त्या मनुष्याचे प्राण त्या एका तांबड्या फडक्यावर आणि तें पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर अवलंबून असत.

पुढें माळाभोंवतीं वस्ती दाटली आणि १८९० सालीं हे सामने सरे परगण्यांतील बिस्ले येथें नेण्यांत आले. तेथील पद्धति अधिक सुरक्षित आहे. लक्ष्यांच्या खालीं खोल चर असतो व त्यांत खूण करणारे उभे राहतात. बार झाला कीं लक्ष्य चौकटीसह खालीं ओढावयाचें, गोळीच्या भोंकांत एक चकती खोंचावयाची व लक्ष्य पुन्हां वर चढवावयाचें. शेंकडों यार्डांवरून जें भोंक दुर्बिणींतूनहि मोठ्या कष्टानें दिसावें, तें आतां स्पष्ट दिसतें. आणि माणूस मात्र जमिनीच्या पातळीखालीं निर्धास्त असतो.

हल्लींच्या मोठ्या सामन्यांत तोहि मनुष्य उरलेला नाहीं. लक्ष्यामागें सूक्ष्म श्रवणयंत्रें बसविलेलीं असतात. गोळीचा आवाज त्या प्रत्येकापाशीं पोचण्यास जो निरनिराळा वेळ लागतो, त्यावरून यंत्र वेधाची जागा मिलिमीटरच्याहि अंशापर्यंत काढतें आणि नेमबाजाजवळच्या पडद्यावर तत्काळ दाखवितें. कांहीं यंत्रें हेंच काम प्रकाशकिरणांनीं करतात. वेध अधिक स्पष्ट दिसूं लागला आणि त्याच पावलानें मनुष्य धोक्यापासून दूर गेला. दीडशेंहून अधिक वर्षांच्या या सुधारणेचें सूत्र एवढेंच आहे.

एका शब्दाची सत्ता

तरीहि हत्यार तें हत्यारच. ५० मीटरच्या सामन्यांत वापरतात ती लहानशी गोळीसुद्धां मोकळ्या मैदानांत सुमारें एक मैलापर्यंत जाऊं शकते. म्हणून लक्ष्यामागें मातीचा उंच बांध किंवा भक्कम भिंत असते, बाजूंना भिंती असतात, आणि पुष्कळ ठिकाणीं वरून आडवे तक्ते घालून आकाशाचा मार्गहि अडविलेला असतो.

परंतु भिंतीपेक्षां मोठा बंदोबस्त म्हणजे संवयी. बंदुकीचें तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेस. नेम धरण्याच्या ओळीवर आल्याखेरीज आणि परवानगी मिळाल्याखेरीज बंदूक ठासावयाची नाहीं. इतकेंच नव्हे, तर रिकाम्या बंदुकीनें नेम धरण्याचा सरावहि वाटेल तेथें करावयाचा नाहीं. बंदूक वापरांत नसेल तेव्हां तिच्या नळींत नारिंगी किंवा तशाच भडक रंगाची एक दोरी घातलेली असते. ही दोरी बाहेर डोकावत असली म्हणजे दुरूनहि कळतें कीं नळी मोकळी आहे, आंत काडतूस नाहीं. पाहा, येथेंहि पुन्हां दिसण्याचाच प्रश्न! "माझी बंदूक रिकामी आहे" या शब्दावर कोणी विसंबत नाहीं. रिकामेपण डोळ्यांना दिसलें पाहिजे. ओळीपुढें एखादा मनुष्य कांहीं कामासाठीं गेला असेल, तर तो परत येईपर्यंत मागील कोणीहि बंदुकीला हात लावावयाचा नाहीं.

आणि या सर्वांवर सत्ता चालते ती एका शब्दाची. पंचानें "स्टॉप" म्हटलें कीं बोट घोड्यावर टेंकलेलें असलें तरी तें काढावयाचें. त्या शब्दानंतर सुटलेली गोळी बरोबर मध्यावर लागली तरी तिचे गुण शून्य. धोका दिसल्यास तो पंचांना तत्काळ कळविणें हें प्रत्येक खेळाडूचें कर्तव्य मानलें आहे. आपल्या देशांतील राष्ट्रीय रायफल संघ १९५१ सालीं स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर होते. लोकसभेचे पहिले अध्यक्षहि तेच. सभागृहांत एका शब्दानें शांतता राखणाऱ्या गृहस्थाच्या हातीं या खेळाचीं सूत्रें प्रथम असावींत, हा योग मोठा गमतीचा.

दिसलें, पण ओळखलें नाहीं

येथवर वाचून कोणी म्हणेल, लक्ष्य स्वच्छ दिसलें, नियम पाळले, मग आणखी काय हवें? त्याचें उत्तर २२ ऑगस्ट २००४ रोजीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें मिळालें.

अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स ५० मीटर रायफलीच्या तीन आसनांच्या अंतिम फेरींत सर्वांच्या पुढें होता. दोनच दिवसांपूर्वीं त्यानें एक सुवर्णपदक मिळविलें होतें. आतां एकच बार उरला होता आणि आघाडी तीन गुणांची. दहा तर सोडाच, साडेसात गुणांचा वेध लागला असता तरी दुसरें सुवर्णपदक त्याचेंच होतें. त्यानें नेम धरला, बार काढला. परंतु त्याच्या पडद्यावर कांहींच उमटेना. यंत्र बिघडलें असें त्याला वाटलें. पंच आले, विचारविनिमय झाला, आणि खुलासा झाला तो असा: एमन्स दुसऱ्या जागेवर उभा होता आणि गोळी त्यानें तिसऱ्या जागेच्या लक्ष्यावर मारली होती. वेध ८.१ गुणांचा होता, परंतु तो शेजाऱ्याच्या लक्ष्यावर; म्हणून एमन्सला शून्य मिळालें. पहिल्या स्थानावरचा नेमबाज आठवा, म्हणजे शेवटचा झाला. सुवर्णपदक चीनच्या जिया झानबोला गेलें.

प्रत्येक लक्ष्यावर मोठा क्रमांक असतो. शेजारशेजारचे क्रमांक निराळ्या रंगांत असावेत असा नियम आहे, तो याच चुकीसाठीं. एमन्सनें पुढें सांगितलें कीं, एरवीं तो नेहमीं आधीं क्रमांकावर दृष्टि टाकी आणि मग रायफल हळूच खालीं काळ्या वर्तुळावर आणी. त्या एका बाराच्या वेळीं मात्र मन शांत ठेवण्याकडेच सारें लक्ष लागलें, आणि क्रमांक पाहावयाचा राहिला. काळें वर्तुळ त्याला उत्तम दिसत होतें. फक्त तें कोणाचें, हें त्यानें पाहिलें नव्हतें.

या प्रसंगीं कोणाला ओरखडाहि उठला नाहीं, हें विसरतां कामा नये. सर्व लक्ष्यें एका रांगेंत, सर्व नळ्या एका दिशेस, समोर कोणी मनुष्य नाहीं; म्हणून चुकीची किंमत एका पदकावर भागली. तीच चूक शरयूकांठच्या अंधारांत झाली तेव्हां एका घराचे तिन्ही प्राण गेले. चांदमारीची सारी रचना यासाठींच आहे कीं, माणूस चुकणारच; चुकला तर त्याचें पदक जावें, दुसऱ्याचा प्राण जाऊं नये.

त्या रात्रीं एमन्सचें सांत्वन करावयास आलेल्यांत कातेरझिना कुर्कोवा ही चेक नेमबाज तरुणी होती. पुढें १० मीटर रायफलींत २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचें पहिलें सुवर्णपदक तिनें जिंकलें, तेव्हां ती सौभाग्यवती एमन्स झाली होती. संसारांत हरवलेलें कोठें सांपडेल हें सांगतां येत नाहीं!

घरच्या माणसांसाठीं

आतां आरंभीच्या प्रश्नाकडे वळूं. मुलाला वा मुलीला चांदमारीवर पाठवावें कीं नाहीं? आमचें सांगणें असें कीं, आधीं स्वतः जाऊन तासभर मागें बसावें. कोणाला किती गुण मिळाले तें पाहूं नये. लक्ष्यांवरचे क्रमांक स्वच्छ दिसतात काय? उजेड लक्ष्यावर पडतो कीं मुलांच्या डोळ्यांवर? बाजूला ठेवलेल्या प्रत्येक बंदुकींतून ती रंगीत दोरी डोकावते आहे काय? मुलांच्या कानांवर व डोळ्यांवर संरक्षक साधनें आहेत काय? आणि सर्वांत महत्त्वाचें, पंचानें "स्टॉप" म्हटल्यावर शांतता पसरण्यास किती वेळ लागतो? ती तत्क्षणीं पसरत असेल तर ती जागा चांगली. दोनतीन बार त्यानंतरहि होत असतील, तर भिंती कितीहि जाड असोत, मुलाला हाताशीं धरून परत यावें.

घरांतहि एक नियम असावा. हत्यार व काडतुसें वेगवेगळ्या कुलपांत ठेवावींत, आणि खेळण्यांतल्या बंदुकीचें तोंडसुद्धां कोणाकडे करूं देऊं नये. धाकट्याला हा धडा थोरल्यानेंच द्यावा; तो अधिक लागतो.

पहिल्या दिवशीं मुलाच्या हातीं बंदूक देणारे शिक्षक पुष्कळ भेटतील. परंतु बंदूक देण्यापूर्वीं त्याला ओळीवर उभें करून, द्रोणाचार्यांप्रमाणें, "तुला काय दिसतें?" असें विचारणारा आणि त्याचें उत्तर पुरतें ऐकून घेणारा शिक्षक जेथें भेटेल, तेथें मूल खुशाल पाठवावें.